नदीकाठची बाग खोलगट हवी

मा. संपादक,
स. न.

पुण्याच्या मुळा-मुठा नदीकाठ सुधार योजनेवर आपल्या अंकात येणारी वाचकांची पत्रं मी न चुकता वाचते. कुणाला झाडांची काळजी आहे, कुणाला पुराची, कुणाला साबरमतीसारखा घाट हवाय आणि कुणाला त्या घाटाचं नावही नकोय. यातल्या काही पत्रांना माझी मान डोलते, काही वाचून चहा निवतो. पण काठाच्या भिंतीत जी गोल गोल भोकं दिसतात, त्यांतून नदीत काय पडतं याविषयी कुणी फारसं लिहीत नाही. माझी सगळी नोकरी त्या भोकांच्या मागच्या बाजूला गेली. एका महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यात मी कनिष्ठ अभियंता होते. साइटवरची मंडळी मला 'मॅडम' म्हणायची आणि माझ्यामागे 'गटारवाल्या बाई'. दोन्ही बरोबरच होतं. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क पोचतो असं धरून लिहिते आहे. पत्र लांबलं तर कात्री लावावी, पण पाण्याच्या पातळीचा भाग कापू नये ही विनंती.

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पहिला पाऊस पडतो, तेव्हा लोक गच्चीवर जाऊन मातीचा वास घेतात. त्या वेळी कुणी पावसाळी गटाराच्या तोंडाशी उभं राहून पाहावं. सुरुवातीला काहीच येत नाही. मग पाइपच्या आतून एक घरघर ऐकू येते, आणि पहिलं पाणी येतं ते काळं. गढूळ नव्हे, काळं. वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग, त्यावर फेस, आणि त्यात तरंगणारे चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, वाळलेलं निर्माल्य, थर्माकोल. वास डिझेल आणि कुजक्या पालापाचोळ्याचा. ऑक्टोबरपासून रस्त्यावर जे जे साठलं होतं, म्हणजे टायरची झिज, ब्रेकची भुकटी, गॅरेजसमोरचं ऑइल, बांधकामाबाहेरचं सिमेंटचं पाणी, कुत्र्यांची घाण, ते सगळं पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात धुऊन निघतं. आमचे मुकादम त्याला 'पहिला लोंढा' म्हणायचे. तासाभराने त्याच पाइपातून चहाच्या रंगाचं पाणी येतं, आणि पाऊस टिकला तर पुढे बरंच स्वच्छ. म्हणजे एका पावसातली बहुतेक घाण त्याच्या पहिल्या वाट्यात असते. नदी वाचवायची तर तेवढा पहिला वाटा अडवला पाहिजे, आणि तो नदीच्या अलीकडेच अडवला पाहिजे.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं कशासाठी आहेत? जपानच्या कर्जातून पुण्यासाठी एकूण ३९६ एमएलडी (म्हणजे दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या ११ केंद्रांची योजना आखली, २०१६ मध्ये करार झाला. ती केंद्रं हवीतच. पण ती घराघरातल्या मैलापाण्यासाठी आहेत. रस्त्यावरचं पावसाचं पाणी तिकडे न्यायचं ठरवलं तर पहिल्याच सरीला केंद्राची टाकी उलटेल. पावसाळी गटाराची लाइन वेगळी असते आणि ती सरळ नदीला मिळते. मधे गाळणी नाही, टाकी नाही, काहीही नाही. एखादी जाळी असते, तीही बहुधा भंगारात गेलेली असते.

निदान ती लाइन तरी फक्त पावसाळी असावी! एप्रिलच्या भर उन्हात पावसाळी चेंबरचं झाकण उचललं तर आत कोरडं ठणठणीत असायला हवं. आम्ही उचलायचो तर सकाळी आठच्या सुमाराला आत साबणाचा फेस वाहत असायचा. एका मोठ्या सोसायटीचं असंच होतं. मैल्याची लाइन रस्त्यापलीकडे होती, रस्ता फोडायचा खर्च वाचवायला कुणीतरी ती अलीकडच्या पावसाळी लाइनला जोडून टाकली होती. आम्ही रंग टाकून तपासायचं ठरवलं. पहिल्या मजल्यावरच्या संडासात गुलाबी रंग ओतला, फ्लश केलं, आणि मुकादम रस्त्यावरच्या पावसाळी चेंबरपाशी वाकून उभे राहिले. थोड्याच वेळात खालून हाक आली, "मॅडम, आली होळी!" सेक्रेटरी शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हा रंग आमच्याच संडासातला कशावरून?" आता यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी हिरवा रंग घेऊन गेलो.

हे सांगायचं कारण, नदीकाठच्या बागेने पावसाचं पाणी साफ करायचं असेल तर त्याआधी ही चोरटी जोडणी तोडावी लागेल. आपल्याकडे पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने नाल्यातून जे वाहतं ते आपलंच मैलापाणी असतं. ते बागेत सोडलं तर बाग म्हणून काही उरणार नाही, उघडी सेप्टिक टँक होईल. उन्हाळ्यातलं हे पाणी नाल्यातच अडवून मैल्याच्या लाइनला घालायचं, हे पहिलं काम. ते न करता कुणी 'नैसर्गिक शुद्धीकरण' असा फलक लावून कर्दळीची चार रोपं लावणार असेल, तर त्या फलकाचा खर्च तरी वाचवावा.

आता मुद्द्यावर येते. आपण बाग करतो म्हणजे काय करतो? आधी भराव घालतो. मग भोवती कठडा, कठड्याच्या आत वाफे, वाफ्यांना पुन्हा सिमेंटची कड, आणि मधे हिरवळ, तीही पोट फुगलेली. पाऊस पडला की बागेतलं पाणी रस्त्यावर येतं, रस्त्यावरचं पाणी गटारात, गटारातलं नदीत. शहरातली उरलीसुरली मोकळी जमीन आपण अशी बांधतो की ती पाणी बाहेर फेकते. काठावरची बाग याच्या नेमकी उलटी हवी. रस्त्यापेक्षा आणि पावसाळी पाइपच्या तोंडापेक्षा तिचा तळ खाली हवा. पाणी स्वतःच्या वजनाने, पंपाशिवाय, तिच्यात उतरायला हवं. बाकी सगळं, म्हणजे झाडं, बाकं, पायवाटा, लहान मुलांचे झोके, त्यानंतर.

अशा बागेची रचना अवघड नाही. पाइप जिथे उघडतो तिथे पहिला एक पक्का खड्डा, तळाला काँक्रीट. याला गाळकुंड म्हणू. पाण्याचा वेग इथे मरतो आणि जड गाळ, वाळू, प्लास्टिक इथेच बसतं. टायरचं जस्त आणि ब्रेकचं तांबं बरंचसं या गाळाच्या कणांना चिकटून येतं, त्यामुळे गाळ बसला की निम्मी लढाई इथेच होते. पुढे पाणी एका बुटक्या बांधावरून पसरट, उथळ भागात जातं. तिथे पाणकणीस, लव्हाळा, वेखंड, वाळा, कर्दळ अशी पाण्यात पाय रोवून उभी राहणारी वनस्पती. पान-देठ पाण्याला संथ करतात, आणि मुळांभोवतीचे जिवाणू खरं काम करतात. त्याच्याखाली वाळू आणि खडीचा थर, तळाशी भोकाचा पाइप, म्हणजे अंगाला भोकं पाडलेला, आणि त्या पाइपातून गाळलेलं पाणी नदीत. मोठा पाऊस आला तर जादा पाणी बागेत घुसू न देता बाजूने थेट नदीकडे काढून द्यायचं. त्यासाठी पाइपच्या तोंडाशीच एक कमी उंचीची आडभिंत पुरते. भोकाचा पाइप विसरू नये, कारण पुण्यातली जमीन. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा दगड. इथे नुसता खड्डा खणून 'पाणी मुरेल' म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगणात तो खणून पाहावा.

थोडं गणित करते, कंटाळा आला तर सोडून द्यावं. एक हेक्टर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होतं. जागा जर डांबर, पत्रे आणि गच्च्यांची असेल तर त्यातलं सुमारे ८५ टक्के, म्हणजे दोन लाखांहून थोडं जास्त, गटारात पळतं. अशा दहा हेक्टरचं मिळून एकवीस लाख लिटर. आता एक एकर तळ असलेली आणि दोन फूट पाणी धरणारी बाग घ्या. तिच्यात साधारण चोवीस लाख लिटर मावतात. म्हणजे एक एकराची खोलगट बाग दहा हेक्टर दाट वस्तीचा पहिला इंचभर पाऊस पोटात घेऊ शकते. पुण्यात पावसाच्या बहुतेक दिवसांत २५ मिलिमीटरच्या आतच पाऊस होतो. त्या सगळ्या दिवसांत त्या पाइपातून नदीत काळं पाणी जाणार नाही. दोन फूट खोली, हळू उताराचे काठ, त्यामुळे पोर पाय घसरून पडलं तरी उठून उभं राहील.

पण या गणिताची मर्यादाही सांगते, नाहीतर उद्या कुणी याच आकड्यांवर पूरमुक्तीचं कंत्राट काढेल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकने पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. माझी एकरभराची बाग त्या पाण्याने अडीच सेकंदांत भरली असती. धरणाच्या पुरावर बाग हा इलाज नाही. तिथे नदीला तिची रुंदी लागते, निळ्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेचा मान राखावा लागतो, आणि विसर्गाची सूचना लोकांना वेळेवर द्यावी लागते. पण खोलगट बागेचा एक गुण पुरातही आहे. ती बुडली तर बुडू देता येते. पाणी ओसरल्यावर गाळ काढायचा आणि बाकं धुवायची. भरावावरची बाग मात्र नदीची जागा खाते, आणि तेवढं पाणी मग समोरच्या काठावरच्या घरात जातं.

भिंत उंच करण्यातली आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. नदी चढली की पावसाळी पाइपची तोंडं पाण्याखाली जातात, आणि पाइपातलं पाणी बॅक मारतं. काठापासून लांब, जिथे नदी दिसतसुद्धा नाही अशा गल्लीत चेंबरची झाकणं उडतात. लोक म्हणतात, नदीचं पाणी शिरलं. बरेचदा ते त्यांच्याच गल्लीतलं पाणी असतं, त्याला जायला वाट नसते. काठाच्या आत थोडी खोलगट जागा राखली आणि पाइपच्या तोंडाला झडप लावली, तर त्या पाण्याला दोन-चार तास थांबायला जागा मिळते.

कात्रजहून येणाऱ्या आंबिल ओढ्याचा विषय वेगळा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो ओढा कसा फुटला आणि किती संसार आणि जीव घेऊन गेला हे पद्मावती, सहकारनगर, दत्तवाडीतल्या लोकांना मी सांगायला नको. एवढ्या मोठ्या पाणलोटाच्या ओढ्यासाठी मुखाशी एक एकराची बाग म्हणजे थट्टा आहे. तिथे कात्रजपासून खालपर्यंत जिथे जिथे सरकारी मोकळी जागा, मैदान, उद्यान आहे, तिथे तिथे पाणी थांबवायला हवं. नदीकाठावरच्या बागा लहान पाइपांसाठी, ओढ्यांसाठी ओढ्याकाठच्या बागांची माळ. आराखड्यात ही दोन कामं वेगवेगळी दाखवली पाहिजेत. सध्या सगळं लक्ष ४४ किलोमीटरच्या नदीकाठाकडे आणि सुमारे ४,७०० कोटींच्या आकड्याकडे आहे. नागझरी, माणिक नाला, भैरोबा नाला, रामनदी यांच्याकडे फक्त पावसाळापूर्व साफसफाईच्या फोटोपुरतं.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आपल्याच आंबिल ओढ्याची गोष्ट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला दोन तलाव बांधले. वरच्या तलावात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी खालच्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळातून शहरातल्या हौदांत. मी वर ज्याला गाळकुंड म्हटलं ते काम वरच्या तलावाने अठराव्या शतकात करून दाखवलंय. त्याच ओढ्याच्या पाण्यावर पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, मधे बेट राखलं, बेटावर बाग केली, आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तिथे गणपती बसला. तळं गेलं, सारसबाग राहिली, पण जुनी माणसं अजून 'तळ्यातला गणपती' असंच म्हणतात. ओढ्याचं पाणी थांबवणारी खोलगट जागा आणि तिच्यात लोकांनी फिरायला जावं अशी बाग, हे या शहराला ठाऊक होतं. आपण त्यातली बाग तेवढी ठेवली. कोरेगाव पार्कमध्येही नाल्याकाठची पडीक, घाण जागा साफ करून बाग झाली. पुण्यातले लोक तिला अजून नाला पार्कच म्हणतात आणि तिथे जाऊन नाक दाबत नाहीत.

बाहेरची उदाहरणं द्यायची तर तीन देते. सिंगापूरच्या बिशन–आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कलांग नदी सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहायची. तो २.७ किलोमीटरचा कालवा फोडून त्यांनी नदीला उद्यानातून वळणं घेऊ दिली, ती तीन किलोमीटरची झाली. २०१२ मध्ये लोकांसाठी खुली केली. पाऊस नसताना मुलं त्या पाण्यात दगडांवरून उड्या मारतात, पाऊस वाढला की भोंगे वाजतात आणि माणसं वर येतात. बागेचा मोठा भाग पाण्याखाली जातो, तो जावा म्हणूनच तसा केलाय. बँकॉकमध्ये चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या जागेवर २०१७ मध्ये झालेली अकरा एकरांची बाग तर तीन अंशांनी एका बाजूला कललेली आहे. वरच्या टोकाला पडलेलं पाणी गवतातून, पाणथळीतून गाळत गाळत खालच्या तळ्यात येतं, आणि अडतीस लाख लिटरच्या आसपास पाणी तिथे थांबू शकतं. तळ्यात सायकली ठेवल्यात. लोक व्यायाम म्हणून पेडल मारतात आणि पाण्यात हवा खेळते. शांघायला २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी हुआंगपू नदीच्या काठी जुन्या कारखान्यांच्या जागेवर होउतान बाग केली. साधारण १.७ किलोमीटरची चिंचोळी पट्टी, नदीचं अत्यंत खराब पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या पाणथळीतून जातं आणि दिवसाला चोवीस लाख लिटर पाणी बरंच सुधारून बाहेर पडतं. ती चीनचे उद्यानरचनाकार यू कोंगजियान यांनी केली. तिथे नदीच्या काठावरची उंच पूरभिंतही काढून टाकली, हे आपल्याकडे मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

यातलं काहीही जसंच्या तसं उचलू नये. सिंगापूर-बँकॉकला उन्हाळ्यातही सरी येतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अशी बाग तपकिरी पडणार. पडू दे. पाणकणीस वाळलं तरी जूनमध्ये मुळातून फुटतं. पण मार्चमध्ये नगरसेवकांचा फोन येतो, 'मॅडम, बाग मेली', आणि लगेच टँकर लागतो, हिरवळीचे गालिचे अंथरले जातात, त्यांना युरिया टाकला जातो. युरिया पहिल्या पावसात नदीत, आणि नदीत जलपर्णी. मग जलपर्णी काढायचं टेंडर. तेव्हा काठावर तिथलीच झाडं लावावीत. वाळुंज आणि शेरणी ही दोन झाडं पुराच्या पाण्यात आडवी होतात आणि पाणी उतरलं की पुन्हा उभी राहतात. शेरणीच्या मुळांनी धरलेला काठ सहज सुटत नाही. उंबर, करंज, जांभूळ थोडी वर. नर्सरीत ही रोपं मिळत नाहीत अशी सबब मी अनेकदा ऐकली आहे. मागणी केली की मिळतात, दोन वर्षं आधी केली पाहिजे.

डासांचं काय, हा प्रश्न विचारणारच, आणि विचारायलाच हवा. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. बागेतलं पाणी दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत उतरलं पाहिजे. म्हणून तो भोकाचा पाइप, आणि म्हणून तो तुंबता कामा नये. जिथे कायम पाणी राहील तिथे मासे हवेत. डेंग्यूच्या डासाला मात्र तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालची ताटली जास्त आवडते, हेही सांगून ठेवते.

आता मला ज्याची खरी धास्ती वाटते ते. बाग होईल, उद्घाटन होईल, पहिलं वर्ष बरं जाईल. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाळकुंड भरेल. तो गाळ कोण काढणार? उद्यान विभाग म्हणेल हे ड्रेनेजचं काम, ड्रेनेज म्हणेल बाग तुमची. मी ड्रेनेजच्या बाजूने अशी पत्रं लिहिली आहेत, चांगल्या मराठीत. म्हणून जबाबदारी कागदावर एकाच खात्याची हवी, आणि वार्षिक देखभालीचा पैसा बांधकामाच्या निविदेतच, निदान दहा वर्षांचा. गाळ मे महिन्यात काढायचा, पहिल्या पावसाच्या आधी. पावसाळ्यात मधे एकदा. झुडपांची कापणी दिवाळीनंतर, आणि कापलेलं तिथेच न टाकता बाहेर न्यायचं, नाहीतर त्यांनी वर ओढलेलं सगळं पुन्हा पाण्यात कुजतं.

गाळकुंडापर्यंत जेसीबी उतरेल असा पक्का उतार हवा. हे नकाशात लहानसं दिसतं, पण याच्यावर सगळं अवलंबून आहे. उतार ठेवला नाही तर मग माणूस उतरतो. गुडघाभर काळ्या गाळात, हातात घमेलं, पायात फाटके बूट, आणि आत काच आहे की सुई आहे हे पायाला लागल्यावर कळतं. मैला हाताने साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. पण नकाशा काढणाऱ्याने उतार विसरला की कायदा वरती कागदावर राहतो आणि माणूस खाली जातो. मी अशी कुंडं पाहिली आहेत. सुंदर दगडी कठडा, वर वेली, आणि आत जायला भिंतीत रोवलेल्या लोखंडी सळया.

काढलेला गाळ कुठे टाकायचा तेही आधी ठरवा. आपली पद्धत म्हणजे नाल्यातून काढायचा, काठावर ढीग करायचा, बिल काढायचं. पहिल्या जोरदार पावसात तो परत नाल्यात. या गाळात तेल आणि धातू असणार, तो ना शेतात घालता येतो ना बागेच्या वाफ्यात. तपासून, वाळवून, कचऱ्याच्या अधिकृत जागी जायला हवा, आणि गाडीच्या वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल निघू नये.

सुरुवात मोठी नको. काठावर महापालिकेच्या ताब्यात असलेली एक जागा, एक लहान पाइप, ज्याच्यामागचं पाणलोट दहा-पंधरा हेक्टरच्या पुढे नाही. आधी वर्षभर त्या पाइपातलं पाणी तपासा, मग बाग करा, मग पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे बागेच्या दारात पाटीवर लावा. पाणी सुधारलं नाही तर पाटीवर तेही दिसू द्या. दरम्यान, एक काम जवळजवळ फुकटात होण्यासारखं आहे. शहरातल्या असलेल्या बागांच्या कडा जागोजागी फोडा, हातभर रुंदीच्या, रस्त्याचं पाणी आत येईल अशा, आणि आतला वाफा वीतभर खाली उतरवा. एक गवंडी, एक बिगारी, एक दिवस.

योजनेच्या अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती करते. काठाची जी चित्रं प्रसिद्ध होतात ती देखणी असतात. त्यांत सायकलवरची मुलगी असते, फुगेवाला असतो, आकाश निळं असतं. पुढच्या वेळी चित्राच्या कोपऱ्यात प्रत्येक पाइपसाठी तीन आकडे छापा: पाइपच्या तळाची पातळी, बागेच्या तळाची पातळी आणि त्या जागेची निळ्या पूररेषेची पातळी, सगळ्या मीटरमध्ये. एवढे मिळाले तर पाणी बागेत उतरणार की बागेवरून घसरणार, हे मी घरी बसून काढून देईन. त्याचे पैसे नकोत. चुकलं तर दुसऱ्या वाचकाने याच पानावर माझी चूक दाखवावी.

आपली,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता (मलनिस्सारण)
पर्वती, पुणे